वेळासचा कासव महोत्सव: मुक्कामाचे पैसे कुठे जातात आणि ते कधी पोचायला हवेत

समुद्रकिनारी सुट्टी घालवायची म्हणून वेळासला निघालात तर हिरमोड होईल. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातल्या या गावात खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही, किनाऱ्यापर्यंत चालत जावं लागतं, आणि कासवाच्या ज्या पिल्लांसाठी एवढा प्रवास केला ती त्या दिवशी बाहेर येतीलच असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तरीही महाराष्ट्रात वन्यजीव संवर्धनासाठी चार पैसे द्यायचे असतील, तर वेळासच्या घरातला मुक्काम हा आमच्या मते सर्वांत चोख मार्ग आहे. राहण्या-जेवण्याचे पैसे थेट त्या घरात जातात, आणि किनाऱ्यावरची कासवाची अंडी राहणार की जाणार हे त्याच घरांवर अवलंबून असतं.

मागची गोष्ट थोडक्यात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेला समुद्री गरुडाची पाहणी करताना इथल्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. भाऊ काटदरे आणि सहकाऱ्यांनी २००२ पासून घरटी राखायला सुरुवात केली. ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पण पहाटे तीन वाजता पुळणीवर कायदा उभा नसतो, गावचा माणूस असतो. त्याला अंडी विकण्यापेक्षा राखणं परवडावं म्हणून २००६ पासून महोत्सव आणि घरगुती निवास सुरू झाले. पुढे वनविभाग आणि ग्रामपंचायतही या कामात उतरले. जानेवारी २०२२ मध्ये इथल्याच एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला गेला. तिचं नाव ‘प्रथमा’.

पैसे नेमके कशाला लागतात हे हॅचरीच्या, म्हणजे गोळा केलेली अंडी पुरून राखायच्या कुंपणाच्या, जाळीपाशी उभं राहिलं की कळतं. मादी रात्री येते, साधारण दीड फुटाचा सुरईसारखा खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारा गावचा माणूस, पहाटे भरतीच्या रेषेच्या वरून चालत जाऊन तिच्या पायांची खूण शोधतो. कोल्हे आणि कुत्री त्याच्या आधी पोचली तर घरटं संपलं. अंडी सापडल्यावर ती काही तासांच्या आत हलवावी लागतात, कारण नंतर गर्भ कवचाला आतून चिकटतो. मग अंडं नुसतं उलटंपालटं झालं तरी तो मरतो. म्हणून एकेक अंडं न फिरवता उचलायचं, आणि हॅचरीतला नवा खड्डा मूळ घरट्याच्याच खोलीचा आणि आकाराचा खणायचा. खड्डा उथळ झाला तर वाळू जास्त तापते. साधारण ३० अंशांच्या वर माद्यांचं प्रमाण वाढत जातं, आणि त्याहून फार तापलं तर गर्भच मरतात. हॅचरी फार खाली बांधली तर उधाणाचं पाणी शिरून अंडी कुजतात.

प्रत्येक खड्ड्यापाशी छोटी पाटी असते: घरटं क्रमांक, तारीख, अंड्यांची संख्या. वर पालथी टोपली. पाटीवरच्या तारखेत ५० ते ५५ दिवस मिळवा, की त्या घरट्यातली पिल्लं कधी निघतील याचा अंदाज हातात येतो. आरक्षणाच्या वेळी फोनवर “पिल्लं दिसतील का?” असं विचारण्याऐवजी “कितव्या तारखेची किती घरटी शिल्लक आहेत?” असं विचारा. तयार व्हायच्या बेतात चार-पाच घरटी असतील तर जाण्यात अर्थ आहे.

पिल्लं सकाळी सातच्या सुमाराला आणि संध्याकाळी सूर्य कलल्यावर सोडतात. टोपली उचलली की वाळू आधी किंचित खचलेली दिसते, मग त्यातून एक करडं नाक आणि पाठोपाठ वल्ह्यासारखे पुढचे पाय. पिल्लांना पाण्यात नेऊन सोडत नाहीत, काही मीटर अलीकडे ठेवतात, आणि ती स्वतः चालत जातात. त्या वाटेत त्यांना हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, दोरीच्या पुढे जायचं नाही. मागे सरका म्हणून ओरडणाऱ्या कासवमित्रावर चिडणारे पर्यटक दरवर्षी असतात. त्याच्या ओरडण्यासाठीच आपण पैसे मोजले आहेत, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

एका रात्रीच्या मुक्कामात टोपली उचलण्याच्या दोनच वेळा मिळतात, दोन रात्री राहिलात तर चार. एका घरट्यातली पिल्लंही सगळी एकदम येत नाहीत, दोन-तीन दिवस थोडी थोडी निघतात. त्यामुळे दोन रात्रींचा मुक्काम आम्ही आग्रहाने सुचवतो.

राहण्या-जेवण्याबद्दल तक्रारीला जागा नाही, फक्त अपेक्षा ठीक हव्यात. दर माणशी असतो, त्यात चहा, नाश्ता आणि दोन जेवणं येतात. झोपायला गाद्या, जुन्या घरांत शौचालय सामायिक. जेवण शाकाहारी: घावन, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, सोलकढी. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा, ऐनवेळी मागितले तर घरच्या बाईची दुपार जाते.

आता उणी बाजू. पर्यटकांचा पैसा येतो फेब्रुवारी ते एप्रिल, तोही शनिवार-रविवारी. खर्च मात्र नोव्हेंबरपासून सुरू होतो: गस्त, जाळी, बांबू, टोपल्या, विजेऱ्या. मादी येते तेव्हा गावात पाहुणा नसतो आणि पिल्लं निघतात तेव्हा झुंबड उडते. शनिवारी गर्दी इतकी असते की मागच्या रांगेतल्याला पुढच्यांच्या पाठी दिसतात, आणि मंगळवारी घरं रिकामी. म्हणून जमत असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. देणगी वेगळी द्यायची असेल तर ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये द्या. तेव्हाचे पाच हजार मार्चमधल्या पाच हजारांपेक्षा जास्त अंडी वाचवतात.

देणगीच्या बाबतीत एक गल्लत नेहमी होते. मुक्कामाचं बिल ही देणगी नव्हे, त्यावर प्राप्तिकरात सूट मिळत नाही. सूट हवी असेल तर कोकणात कासवांवर काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला वेगळी रक्कम द्या. देणगीवर करसवलत देणारी मान्यता (१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम ८०जी) आहे का ते आधी विचारा, दोन हजारांपेक्षा जास्त रक्कम रोख देऊ नका, कारण वजावट मिळत नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या. नव्या करप्रणालीत ही सूट नाही, हेही लक्षात असू द्या. परदेशातल्या मराठी मंडळींसाठी: पासपोर्ट अजून भारतीय असेल तर तुमची देणगी परदेशी धरली जात नाही. नागरिकत्व बदललं असेल तर, ओसीआय कार्ड असलं तरी, संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांबाबतचा कायदा) नोंदणी हवी आणि पैसे तिच्या स्टेट बँकेच्या दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच जायला हवेत. हे न पाहता साध्या खात्यात पैसे पाठवले तर अडचणीत संस्था येते.

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन करत बागमांडल्याला या आणि फेरीबोटीने गाडीसकट वेसवीला उतरा. तिथून बाणकोटवरून वेळास. परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ जातानाच विचारून ठेवा. गावात मोबाइलची रेंज भरवशाची नाही, त्यामुळे मुक्कामाचे पैसे रोख जवळ असू द्या, आणि सुटे. पहाटे किनाऱ्यावर जाताना विजेरीवर लाल जिलेटिन कागद लावा.