वादळात नौका सोडावी की तिच्यातच राहावं?

ऑगस्ट १९७९, इंग्लंडहून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालणारी फास्टनेट शर्यत. ३०३ शिडाच्या नौका निघाल्या. वादळात खलाशांनी २४ सोडल्या. त्यांतल्या बुडाल्या फक्त ५. स्पर्धक मात्र १५ दगावले, काही तर जीवरक्षक (हवेने फुगणाऱ्या) तराफ्यावर चढल्यानंतर.

तराफा हलका. तळाच्या पिशव्यांत पाणी भरण्याआधीच वारा तो उलटवतो. पाण्यात फेकण्यापूर्वी त्याची दोरी नौकेला बांधायची, हे घाईत राहून जातं.

नौका जड आणि वरून शोधायला सोपी. मोडलेली डोलकाठी मात्र तिला धरून ठेवणाऱ्या तारा कापून लगेच सोडायची. लाटेबरोबर आपटून तीच बुडाला भोक पाडते. २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात पाठ जायबंदी झालेले भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी आपल्या मोडक्या ‘थुरिया’ नौकेतच थांबले, आणि वाचले.

आग लागली किंवा पंपाला पाणी आवरेना, तरच तराफा.