रबरी पॅड, मेट्रोनोम आणि आठ महिन्यांचा रियाज

आठ महिन्यांपूर्वी ड्रमच्या रियाजासाठी १२ इंची रबरी प्रॅक्टिस पॅड घेतलं. सोबत ५बी मापाच्या स्टिक्स आणि फोनमधलं साधं मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणारं ॲप. रोज चाळीस मिनिटं फक्त रुडिमेंट्स, म्हणजे ड्रमवादनातले ठोक्यांचे मूलभूत नमुने. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या तालवाद्यांच्या संस्थेच्या यादीत ४० रुडिमेंट्स आहेत, मी पाचच धरली: सिंगल (हात आलटून-पालटून एकेक ठोका), डबल (प्रत्येक हाताने दोन-दोन), पॅराडिडल (या दोन्हींचं मिश्रण), फ्लॅम (मोठ्या ठोक्याच्या लगेच आधी एक छोटा) आणि ड्रॅग (मोठ्याच्या आधी दोन छोटे).

सुरुवातीला सगळे करतात तेच केलं. मिनिटाला ६० टिकांवर सुरू करायचं, एका टिकेला चार ठोके, आणि जमलं की पाचाने वाढवायचं. सिंगल १२० पर्यंत सहज गेले. डबल मात्र ९५ च्या आसपास कोलमडायचे. दुसरा ठोका पुसट व्हायचा, खांदा वर चढायचा आणि कोपराखाली हात भरून यायचा. महिनाभर मी याच भिंतीवर धडका देत होतो.

कारण उशिरा कळलं. ६० वर दोन ठोक्यांत पाव सेकंद असतो, त्यामुळे मनगट दोन्ही ठोके स्वतंत्रपणे मारू शकतं. १२० वर उरतो सेकंदाचा आठवा भाग. तिथे पहिला ठोका मनगटाचा असतो, आणि दुसरा उसळून आलेल्या स्टिकला बोटांनी आत ओढून काढावा लागतो. म्हणजे हालचालच वेगळी! पाचाने वाढवत जाताना मी संथ लयीतली हालचाल जोर लावून पुढे रेटत होतो.

मग क्रम उलटा केला. १४० वर उजवा-उजवा-डावा-डावा एवढंच वाजवून थांबायचं आणि बोटं काय करतात ते नीट बघायचं. तीच बोटं, तीच कमी उंची घेऊन ७० वर यायचं. संथ वाजवताना बोटं वापरणं सुरुवातीला फार अवघडल्यासारखं वाटतं, पण हा बदल केल्यावर तीन आठवड्यांत ९५ ची अडचण गेली. ८५ ते १०५ या पट्ट्यात मनगटाकडून बोटांकडे काम सरकतं, म्हणून तिथे मी अजूनही सर्वांत जास्त वेळ देतो. आज डबल १३२ वर मिनिटभर सलग टिकतात.

मेट्रोनोम बंद ठेवून संथ, जलद आणि पुन्हा संथ असा एकच डबल रोल मिनिटभर वाजवायची जुनी पद्धतही रोज करतो. वेग वाढवणं सोपं जातं. परतीच्या वाटेवर हात एकदम ब्रेक लावतो, आणि नेमकी तिथेच कच्ची जागा सापडते.

संथ लयीला कमी लेखू नका, हे मात्र आग्रहाने सांगेन. वाजवायचं ८० वर आणि मेट्रोनोम ठेवायचं ४०, म्हणजे टिक फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. मधली लय आपल्यालाच सांभाळावी लागते. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये मी प्रत्येक टिकेच्या आधी पोहोचत होतो. वाजवताना हे अजिबात जाणवलं नव्हतं. फ्लॅमचंही तसंच. हळू वाजवताना छोटा ठोका वरून आला की दोन वेगळे ठोके ऐकू येतात. छोट्या ठोक्याची स्टिक पॅडपासून दोन बोटं उंचीवर ठेवली, तेव्हा कुठे तो मोठ्या ठोक्याला चिकटला.

पॅडबद्दल एक खरी तक्रार आहे. रबराची उसळी इतकी चांगली आहे की डबलचा दुसरा ठोका जवळजवळ आयता मिळतो. ड्रम सेटवर बसून फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा असलेला मोठा ड्रम) वाजवला तेव्हा अर्धे ठोके गायब! तेव्हापासून शेवटची पाच मिनिटं उशीवर वाजवतो, वेग ७० च्या वर नेत नाही. उशी काहीच परत देत नाही, त्यामुळे बोटांना प्रत्येक ठोका स्वतः मारावा लागतो. बाकी पॅड टिकाऊ आहे, आवाज कमी, मध्यभागी थोडी चकाकी आली आहे इतकंच.

ड्रॅग अजून जमलेला नाही. उजव्या हाताने ९० वर स्वच्छ येतो, डाव्याने ७० वरच चिकटतो. सध्या रोजची पहिली दहा मिनिटं डाव्या हातालाच देतोय.