उरलेली लोकर: चौकोनांचं ब्लँकेट की पट्ट्यांची टोपी?

थंडी पडली की डब्यातले उरलेसुरले लोकरीचे गुंडे बाहेर येतात आणि मग दरवर्षीचा तोच घोळ, क्रोशाचे चौकोन करून ब्लँकेट जोडायचं की सुयांवर पट्ट्यापट्ट्यांची टोपी विणायची.

चौकोनांचं बरंय, लिंबाएवढा गुंडा असला तरी मधलं फूल निघतं, रंग संपला की पुढच्या फेरीला दुसरा, आणि शेवटची फेरी सगळ्यांना एकाच राखाडीची घेतली की एकमेकांशी भांडणारे रंगपण गुमान बसतात. पण टोकं! चार रंगांचा एक चौकोन म्हणजे आठ टोकं सुईने आत लपवायची, 100 चौकोनांना झाली 800. मी 'नंतर करू' म्हणत 60 चौकोन ठेवलेत, अजून पिशवीतच आहेत.

टोपी दोन-तीन संध्याकाळी होते. एका ओळीला विणीच्या रुंदीच्या साधारण तिप्पट-चौपट लोकर जाते, म्हणजे 50 सेंमी घेराला दीड ते दोन मीटर. किचनच्या काट्यावर गुंडा ठेवून बघा, 50 ग्रॅमला 100 मीटर असेल तर 12 ग्रॅम म्हणजे 24 मीटर, आरामात 12 ओळी. जाडी मात्र सारखी हवी, बारीक असेल तर दोन पदर घ्या. आणि खरी लोकर नि अ‍ॅक्रिलिक एकत्र नकोच, चुकून गरम पाण्यात गेली तर लोकर आटते, अ‍ॅक्रिलिक नाही, मग टोपी वेडीवाकडी.

यंदा मी टोपीच विणायला घेतलीये सुयांवर.