जुना पीसी व्हर्च्युअल मशीनमध्ये: डिस्कटूव्हीएचडी आणि व्हर्च्युअलबॉक्स, काही महिन्यांच्या वापरानंतर

इंदूरच्या सियागंजातल्या एका पेढीचा हिशोब विंडोज ७ वरच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. सेटअपची सीडी नाही, त्यामुळे ५०० जीबीची डिस्क जशीच्या तशी उचलून नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन किंवा व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) बसवली. रोजच्या कामात काहीच अडत नाही. डोकं खातं ते ही अख्खी डिस्क ज्या एका फाइलमध्ये राहते, तिचं फुगणं.

उचलणं सोपं आहे. मायक्रोसॉफ्टचं डिस्कटूव्हीएचडी फुकट आहे आणि चालू विंडोजचीच प्रत काढतं. हिशोबाचं सॉफ्टवेअर मात्र आधी बंद करा, नाहीतर अर्धवट लिहिलेल्या डेटा फाइल तशाच येतील. सी ड्राइव्हबरोबर १०० एमबीचं सिस्टम रिझर्व्ह्ड पार्टिशनही निवडा, बूटच्या फाइल तिथे असतात. डेटाचं वेगळं पार्टिशन नको असेल तर सोडून द्या. व्हीएचडीएक्स आणि व्हीएचडी हे डिस्क-फाइलचे प्रकार; व्हीएचडीएक्सची खूण काढून साधी व्हीएचडी घ्या, व्हर्च्युअलबॉक्सला तीच मानवते. बाहेरची डिस्क एनटीएफएस हवी. एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

तयार फाइल त्याच जुन्या पीसीवर जोडून बघायचा मोह आवरा. दोन डिस्कची सही (डिस्कचा ओळख-क्रमांक) सारखी दिसली की विंडोज एकीची बदलतं आणि मग व्हीएम बूट होत नाही.

पहिल्याच बूटला निळा पडदा आणि 0x0000007B आला, तर बहुतेक वेळा दोष स्टोरेज कंट्रोलरचा, म्हणजे डिस्क जोडण्याच्या पद्धतीचा (आयडीई जुनी, साटा नवी). जुन्या बायोसमध्ये आयडीई मोड असेल तर व्हीएमची डिस्कही आयडीईलाच लावा. साटाला लावली की विंडोज ७ कडे त्यासाठीचा एएचसीआय ड्रायव्हर चालू नसतो.

आता फुगण्याचं. आत फाइल डिलीट केली तरी बाहेरची डिस्क-फाइल लहान होत नाही, कारण जुने बाइट तिथेच पडून असतात. आमच्याकडे आतला वापर ६५ जीबीच्या आसपास होता, बाहेर फाइल ९० वर गेली. व्हर्च्युअलबॉक्सचं कॉम्पॅक्ट (फाइल आकसवणं) त्याच्या स्वतःच्या व्हीडीआय प्रकारावर नीट चालतं, म्हणून आधी क्लोनमीडियम कमांडने व्हीएचडीची व्हीडीआय करा (दोन्ही फाइल मावतील एवढी जागा ठेवून). मग व्हीएममध्ये हायबरनेशन बंद, त्यानंतर डीफ्रॅग, त्यानंतर एसडिलीट -झेड (रिकामी जागा शून्यांनी भरणारी कमांड). हा क्रम मोडू नका: व्हीडीआयचा ठोकळा १ एमबीचा असतो आणि तो पूर्ण शून्य असेल तरच सुटतो. डीफ्रॅग न करता शून्य भरले तर बऱ्याच ठोकळ्यांत थोडा थोडा डेटा उरतो आणि फायदा कमी होतो. -झेडऐवजी -सी दिलं तर शून्यांऐवजी भलतेच बाइट भरले जातात, फाइल उलट वाढते. मशीन बंद करून मॉडिफायमीडियम --कॉम्पॅक्ट ही व्हर्च्युअलबॉक्सची कमांड चालवा. स्नॅपशॉट (मशीनच्या जतन केलेल्या जुन्या स्थिती) असतील तर आधी मोडीत काढा. हे चालू असताना लाइट गेली तर फाइल बिघडू शकते. यूपीएस आणि एक प्रत, दोन्ही हवंच.

कॉम्पॅक्टने आतली डिस्क ५०० जीबीचीच दिसत राहते. ती खरोखर लहान करायची तर जीपार्टेड (पार्टिशन लहान-मोठं करणारं सॉफ्टवेअर) आणि नवी छोटी डिस्क असा वेगळा उद्योग आहे. बहुतेकांना गरज नाही.

लायसन्स ओईएम (पीसीबरोबरच आलेलं) असेल तर ते मूळ मशीनपुरतंच असतं. इथे आत ऍक्टिव्हेशन मागितलंच, वेगळी की लागली. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, म्हणून नेटवर्क अडॅप्टर बंद ठेवून फाइलची ने-आण शेअर्ड फोल्डरने चालू आहे.