बोअरचे पाणी पिणाऱ्या घरासाठी पेस्ट: फ्लोराइडची की बिनफ्लोराइडची?

उन्हाळ्यात विहिरी आटल्या की मराठवाड्यातील अनेक गावांची तहान बोअर आणि हापशावर भागते. नांदेड जिल्ह्यातील किनवट परिसरात आणि इतरही काही भागांत या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळलेले आहे, आणि त्यामुळे डागाळलेले दात तिथल्या लोकांनी पाहिलेले आहेत. म्हणून ज्या फ्लोराइडने दात बिघडतात तेच पेस्टमधून लेकरांना का द्यायचे, ही आई-वडिलांची शंका रास्त आहे.

तुलना करताना फ्लोराइडचे दोन मार्ग वेगळे धरावे लागतात. मूल लहान असताना कायमचे दात हिरडीखाली जबड्यात घडत असतात. अक्कलदाढ सोडली तर त्यांचे एनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण आवरण, साधारण आठव्या वर्षापर्यंत तयार होते, आणि या काळात पोटात गेलेले जादा फ्लोराइड त्या घडणीत दोष निर्माण करते. पेस्टमधील फ्लोराइडचा उपयोग मात्र दात उगवल्यानंतर, त्याच्या पृष्ठभागावर होतो. तोंडातील जंतू साखर, गूळ आणि बिस्किटाच्या पिठापासून आम्ल तयार करतात, त्याने पीएच (आम्लतेचे माप; आम्ल वाढले की हा आकडा उतरतो) सुमारे 5.5 च्या खाली गेला की एनॅमलमधील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात, आणि लाळ ही झीज हळूहळू भरून काढते; फ्लोराइड हजर असेल तर ही भरपाई लवकर होते आणि भरलेला थर आम्लाला अधिक टिकतो. दिवसभर थोडी गुडदाणी, थोडा चहा-टोस्ट चालू राहिल्यास लाळेला उसंत मिळत नाही, मग पेस्ट कोणतीही असो, कीड लागण्याचा धोका राहतोच.

बिनफ्लोराइडची पेस्ट, मंजन किंवा कडुलिंबाची काडी दातांवरचा चिकट थर काढते. ते उपयोगाचे आहे, तरी झिजलेले एनॅमल भरून काढण्यात ती फ्लोराइडची बरोबरी करत नाहीत. मिश्रीला या तुलनेत स्थानच नाही. ती तंबाखू आहे.

आता प्रमाण पाहू. भारतात पेस्टमध्ये फ्लोराइडची मर्यादा 1000 पीपीएम, म्हणजे एका ग्रॅममध्ये 1 मिलिग्रॅम आहे. वाटाण्याएवढी, सुमारे पाव ग्रॅम पेस्ट मुलाने दोन्ही वेळा पूर्ण गिळली तरी दिवसाला अर्धा मिलिग्रॅम फ्लोराइड पोटात जाते. लिटरमागे 2 मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले पाणी तेच मूल लिटरभर प्यायले, तर 2 मिलिग्रॅम जाते, शिवाय स्वयंपाकातून जाते ते वेगळेच. पेस्ट बदलून पाणी तेच ठेवणाऱ्या घराने मुख्य वाट उघडीच ठेवलेली असते.

म्हणून निर्णय पाण्यापासून सुरू करावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्यावे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 ही कमाल मर्यादा आहे. पाणी मर्यादेत असल्यास फ्लोराइडची पेस्ट निःशंकपणे घ्यावी: तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, मोठ्या माणसाने समोर उभे राहून. पाणी मर्यादेबाहेर असेल आणि मूल अजून थुंकायला शिकले नसेल, तर पाण्याची सोय होईपर्यंत दंतवैद्याला विचारून बिनफ्लोराइडची पेस्ट वापरणे मला योग्य वाटते. घरातील मोठ्यांचे एनॅमल घडून झालेले असल्याने त्यांनी मात्र फ्लोराइडचीच पेस्ट वापरावी. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढते. आरओ यंत्राने ते बऱ्याच अंशी कमी होते.

डाग आणि कीड यांची गल्लतही नेहमी होते. फ्लोरोसिसचे, म्हणजे जादा फ्लोराइडने एनॅमलमध्ये आलेल्या दोषाचे, पांढरे डाग दात उगवतानाच असतात, पुढे ते तपकिरी होऊ शकतात, आणि डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखेच दिसतात. कीड नंतर लागते, बहुधा दाढेच्या खाचेत, दोन दातांच्या मध्ये किंवा हिरडीलगत, आणि तिथला भाग मऊ पडत जातो. डागाळलेल्या दातालाही कीड लागू शकते, त्यामुळे डाग पाहून पेस्ट बंद करण्याआधी दात दाखवून घ्यावेत. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाचा एकही दात न पडता सर्वांत मागे जी दाढ उगवते, ती कायमची असते. तिच्या खाचा सीलंटने, म्हणजे दंतवैद्य लावतात त्या संरक्षक लेपाने, बुजवता येतील का, हे त्याच भेटीत विचारावे.