विश्वस्त मंडळापुढे देणग्यांचा हिशोब मांडताना : गूगल शीट्सचा चार वर्षांचा अनुभव

मुलांसाठी वाचनालये चालवणाऱ्या एका छोट्या सार्वजनिक न्यासाची मी खजिनदार आहे आणि गेली चार वर्षे दर तिमाही सभेपुढे जाणारा देणग्यांचा अहवाल मी गूगल शीट्समध्ये तयार करते. त्यापूर्वी आम्ही हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून निघालेली पाने जशीच्या तशी वाटत असू. ती बिनचूक असत, पण त्यांवरून निर्णय होत नसत. एका सभेत बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या ज्येष्ठ विश्वस्तांनी ती पाने मिटून बाजूला ठेवली आणि विचारले, "ताई, बँकेत किती शिल्लक आहे ते दिसतंय. त्यातले आपल्याला हवे तिथे खर्च करता येतील असे किती, तेवढं सांगा." मला ते तिथल्या तिथे सांगता आले नाही.

आज अहवालाचे पहिले पान त्याच प्रश्नाचे उत्तर देते. प्रत्येक पावतीची एक ओळ आणि त्या ओळीत 'हेतू' हा रकाना एवढीच मूळ नोंद आहे; कॉर्पस (कायम राखून ठेवायचा मूळ निधी), विशिष्ट प्रकल्प, सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी) आणि सर्वसाधारण देणगी असे चार पर्याय ड्रॉपडाउनमध्ये ठेवले की शब्दलेखनाच्या चुकांनी बेरीज फुटत नाही. त्यावरून पिव्हट टेबल, म्हणजे हेतूनुसार बेरजा मांडणारा तक्ता, दोन मिनिटांत तयार होते. या साधनाचा सर्वांत मोठा गुण मला इथेच दिसला. पिव्हटमधल्या कोणत्याही आकड्यावर दोनदा क्लिक केले की तो आकडा ज्या पावत्यांपासून बनला त्या सगळ्या ओळी वेगळ्या पानावर उघडतात. सभेत प्रोजेक्टरवर हे पहिल्यांदा केले, तेव्हा प्रकल्प निधीच्या बेरजेमागच्या पावत्या विश्वस्तांनी एकेक करून वाचल्या आणि एका देणगीचा हेतू चुकीचा लिहिला गेला आहे हे त्यांनीच दाखवून दिले. विश्वास बसतो तो असा, आकड्याचा माग लागल्यावर.

आलेखांच्या बाबतीत मात्र निवड जपून करावी लागते. आपल्याकडे देणगीवरची आयकर सवलत ('८०जी') डोळ्यांसमोर ठेवून पुष्कळ देणगीदार मार्चमध्ये धनादेश देतात, त्यामुळे महिन्यामहिन्यांचे स्तंभ शेजारी ठेवले की एप्रिलमध्ये संस्था कोसळली असा भास होतो. त्याऐवजी एप्रिलपासूनची चढती बेरीज आणि गेल्या वर्षीची त्याच तारखेपर्यंतची चढती बेरीज अशा दोन रेषा एकाच आलेखात दिल्या, तर आपण पुढे आहोत की मागे हे लगेच समजते. दुसरा उपयोगी आलेख वॉटरफॉल. गेल्या वर्षीच्या रकमेपासून सुरुवात करून, पुन्हा न दिलेल्या देणगीदारांमुळे झालेली घट, जुन्यांनी वाढवलेली किंवा कमी केलेली रक्कम आणि नव्यांची भर अशा पायऱ्यांनी तो या वर्षीच्या रकमेपर्यंत येतो. एकूण रक्कम वाढलेली असतानाही जुने देणगीदार गळत असतील, तर ते इथे लपत नाही. सरासरी देणगी मी आता दाखवतच नाही, कारण समजा नव्याण्णव जणांनी हजार रुपये दिले आणि एकाने दहा लाख, तर सरासरी दहा हजारांच्या वर जाते आणि ती कोणाचेच वर्णन करत नाही.

लाख-कोटींचे स्वल्पविराम कस्टम नंबर फॉरमॅटने बसवता येतात. पण एका फॉरमॅटमध्ये दोनच अटी मावतात, त्यामुळे कोटी आणि लाख यांची सोय केल्यावर उणे रक्कम तीन-तीन अंकांच्या गटांत दिसू लागते. तुटीच्या रकान्याला वेगळा फॉरमॅट द्यावा लागतो, किंवा सरळ लाखांनी भागून शीर्षकात 'रुपये लाखांत' असे लिहावे. मी दुसरा मार्ग पत्करला आहे.

खरी काळजी घ्यावी लागते ती गोपनीयतेची. देणगीदारांचे विवरण आयकर खात्याला द्यावे लागत असल्याने मूळ यादीत पॅनसारखे ओळख क्रमांक असतात आणि ती फाइल मंडळाला पाठवणे अजिबात योग्य नाही. म्हणून अहवालाची फाइल वेगळी ठेवून तिच्यात इम्पोर्टरेंज या दुसऱ्या फाइलमधली माहिती आणणाऱ्या सूत्राने फक्त बेरजा आणाव्यात. तरीही एक गोष्ट ध्यानात असावी : एकदा दोन फाइलींची जोडणी मंजूर केली की अहवालाच्या फाइलमध्ये संपादनाचा अधिकार असलेली व्यक्ती मूळ फाइलचा कोणताही भाग ओढून घेऊ शकते. विश्वस्तांना फक्त पाहण्याचा अधिकार द्यावा.

परदेशी देणग्या घेणाऱ्या संस्थांनी एफसीआरएचा (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचा) हिशोब पहिल्याच पानावर वेगळ्या चौकटीत दाखवावा, कारण २०२० च्या दुरुस्तीनंतर त्यातील प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे आणि हा निधी सर्वसाधारण शिल्लकेत मिसळून दाखवला तर मंडळाची दिशाभूल होते. सीएसआरच्या बाबतीत कंपनीने पत्राने मान्य केलेली रक्कम आणि खात्यात जमा झालेली रक्कम हे दोन रकाने आम्ही कधीही एकत्र करत नाही. पहिला मोठा आणि दुसरा रिकामा असेल, तर सभेत त्यावरच सर्वांत जास्त वेळ जातो आणि तो जायलाच हवा.