कोचीची वॉटर मेट्रो : आई काठी टेकत सरळ बोटीत गेली

कोचीला शनिवार-रविवार जाऊन आलो, आई, बायको आणि मी. फिरलो बरंच पण लिहायचंय ते वॉटर मेट्रोबद्दल, म्हणजे मेट्रोसारख्या चालणाऱ्या तिथल्या बोटींबद्दल, कारण ती नसती तर आई फोर्ट कोचीला आलीच नसती. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. माहेर वेंगुर्ल्याचं, लहानपणी पाण्यातून चालत जाऊन होडीत चढायची, पण मागे एका जेट्टीवर बोट खालीवर होत असताना दोघांनी दंडाला धरून तिला आत ओढलं आणि तेव्हापासून धसकाच घेतलाय तिने, बोट म्हटलं की "तुम्ही जाऊन या, मी बसते हितंच".

आम्ही एर्नाकुलममध्ये हायकोर्टाजवळ राहिलो होतो. तिथल्या टर्मिनलवरून फोर्ट कोचीचं तिकीट ४० रुपये, मेट्रोसारखंच कोड दाखवून गेटमधून आत जायचं. आणि खरी गंमत पुढे आहे. बोट जिथे लागते तो धक्का तरंगता आहे, भरती आली की तोही वर, ओहोटीला तोही खाली, त्यामुळे धक्का आणि बोटीची जमीन कायम एका लेव्हलला. आई काठी टेकत चालत गेली, खिडकीशी बसली आणि मला विचारते, "अरे पण चढायचं कुठून?" माझ्या डोळ्यात पाणीच आलं तेव्हा.

बोटी कोचीन शिपयार्डने बांधल्यात, बॅटरीवर चालतात, त्यामुळे डिझेलचा वास नाही की इंजिनाची धडधड नाही, आपण नॉर्मल आवाजात गप्पा मारू शकतो. एसी, मोठ्या काचा, वीसेक मिनिटांचा प्रवास. वाटेत वल्लारपाडमच्या कंटेनर टर्मिनलच्या प्रचंड क्रेन दिसतात. रस्त्याने तोप्पुंपडीवरून वळसा घालून जायचं तर ट्रॅफिकमध्ये तास जाऊ शकतो. वारं अंगावर घ्यायचं असेल तर मात्र एर्नाकुलम जेट्टीवरून सरकारी जलवाहतुकीच्या जुन्या बोटी आहेत, तिकीटही अगदी किरकोळ, त्यांचीही मजा वेगळीच.

अजून एक, १०० ची कपॅसिटी म्हणजे १००, गेटवरच मोजणी होते. ही सर्व्हिस एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली आणि त्यानंतर दोनच आठवड्यांत केरळातच तानूरला जास्त माणसं भरलेली एक खासगी टुरिस्ट बोट उलटून २२ जण गेले, त्यात लहान मुलं कितीतरी. म्हणून पुढच्या बोटीला थांबावं लागलं तर थांबा, कटकट करू नका. मुंबईतही वॉटर मेट्रो आणायचं चाललंय, तेव्हा माझी मनापासून विनंती आहे की तो तरंगता धक्का आणि ही मोजणी दोन्ही आणा, नुसत्या चकाचक बोटी आणून आमच्या आयांना काही उपयोग नाही.

फोर्ट कोचीला उतरलं की मासे धरायची चिनी जाळी जवळच. एकेक जाळं ओढायला चार-पाच माणसं लागतात, दुसऱ्या टोकाला दोरांना मोठमोठे दगड बांधलेले असतात, त्यांच्या वजनावर ते वर येतं. आई अर्धा तास हलली नाही तिथून. दुपारी एका हॉटेलात भाव न विचारता करिमीन हा तिथला मासा सांगितला आणि बिल बघून हादरलो, तर मासा वजनावर असेल तर आधी विचाराच. चव मात्र अप्रतिम, केळीच्या पानात भाजलेला, आईने काटे सुद्धा चोखून खाल्ले. सेंट फ्रान्सिस चर्च बघितलं, वास्को द गामाला १५२४ मध्ये आधी इथेच पुरलं होतं, नंतर अवशेष पोर्तुगालला नेले.

मट्टनचेरी रविवारी ठेवा. तिथलं ज्यू लोकांचं सिनेगॉग शुक्रवार-शनिवार बंद असतं आणि राजवाडा शुक्रवारी. आम्ही चेरलाईला तिरुमला देवस्वमच्या देवळातही गेलो. गोव्यातून पोर्तुगीजांच्या काळात इकडे आलेल्या कोकणी लोकांचं हे देऊळ. बाहेर दोन म्हाताऱ्या बायका बोलत होत्या, आईने कान टवकारले आणि थेट मालवणीतच बोलायला सुरुवात केली. त्यांची कोकणी वेगळ्या हेलाची, मल्याळम मिसळलेली, पण मासे आणि नारळ या विषयावर तिघींचं छान जमलं. मी आणि बायको नुसते बघत उभे.

परतताना हायकोर्टला उतरलो तेव्हा फ्लाइटला चार तास होते. मी म्हटलं रूमवर जाऊन पडूया जरा, तर आई म्हणाली, "ती वायपीनची बोट कितीला?" वीस रुपये. "मग काढ तिकिटं." वायपीन बेटावर गेलो, चहा प्यायलो आणि लगेच परत आलो, दोन्ही वेळा तिला खिडकी मिळाली.